रेडिएटरमधलं दूध

या, असे जवळ या. मागं भिंतीला टेकलेत त्यांनीही पुढं सरकावं, म्हणजे आवाज चढवावा लागणार नाही. आज एका गॅरेजची गोष्ट सांगायची आहे. हिच्यात खून नाही, दरोडा नाही. एका गाडीच्या रेडिएटरमध्ये दूध उतरलं, ते कुणी उतरवलं एवढंच शोधायचं आहे. खुणा एकही लपवणार नाही. देवानं डोळे आणि कान सगळ्यांना सारखेच दिलेत. ते उघडे ठेवलेत तर माझ्याआधी तुम्हीच नाव सांगाल. आणि नाव कळल्यावर मान खाली गेली, तर तुमच्या आधी तिथं आणखी कुणाची तरी गेली होती हे लक्षात असू द्या.

गुरुवार होता. सकाळचे दहा वाजले असतील. गॅरेजातला फोन खणखणला.

"ताई, मी बोलतेय. गाडी तापली. काटा पार लाल घरात गेलाय. बॉनेटमधून वाफा येताहेत."

"इंजिन बंद केलंत?"

"केलं. पुलाच्या अलीकडे उभी आहे."

"झाकणाला हात लावू नका. आलेच."

फोनवर होत्या नर्सबाई. घरोघर जाऊन दुखणाइतांना इंजेक्शनं द्यायची, जखमा बांधायच्या, हे त्यांचं काम. आणि ताई म्हणजे गॅरेजची मालकीण. पंचेचाळिशीची बाई, वडिलांच्या हाताखाली नट-बोल्ट मोजत मोठी झालेली. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगायची. तिचं निदान चुकत नाही अशी तिची ख्याती होती, आणि तिला स्वतःलाही तसंच वाटायचं.

ताईनं आपली गाडी काढली. पुलाच्या चढावर तिच्याही गाडीचा काटा अर्ध्याच्या वर सरकला. 'बघू रविवारी', असं ती मनाशी म्हणाली. असं म्हणायचा हा तिसरा आठवडा होता.

इंजिन निवायला अर्धा तास गेला. मग तिनं जाड फडकं टाकून रेडिएटरचं झाकण हळूहळू फिरवलं, फुस्स झालं, आणि झाकण उलटं करून तिनं डोळ्यांसमोर धरलं.

झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरट साय चिकटली होती. खाली इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटचा मूळ गुलाबी रंग औषधालाही उरला नव्हता. नासलेल्या दुधासारखं काहीतरी डचमळत होतं.

ताईच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

हे दूध तिनं आधी दोनदा पाहिलं होतं. आणि त्याच्यापायी बाराच दिवसांपूर्वी, शनिवारी, तिनं एका माणसाला चारचौघांत हाकलून दिलं होतं.

त्या माणसाला सगळे गुणगुण्या म्हणायचे. पन्नाशीकडे झुकलेला कारागीर. वीस वर्षं याच गॅरेजात. गाडीखाली झोपून काम करताना देवाचं कुठलं तरी पद गुणगुणत असायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, आवाज कुठून येतोय बघा, म्हणजे कुठल्या गाडीचं काम चाललंय ते कळेल.

दोन महिन्यांपूर्वी मास्तरांची गाडी अशीच तापून आली होती. मास्तर म्हणजे ताईचे शाळेतले शिक्षक, आता निवृत्त. तेव्हाही रेडिएटरमध्ये दूध. ताईनं एक नजर टाकली आणि सांगून टाकलं, "हेड गॅस्केट गेलं. इंजिनाचं तेल पाण्यात उतरतंय." गुणगुण्यानं हेड उतरवलं. हेडखालचा पातळ पत्रा, तेल आणि पाणी वेगळं ठेवणारं ते जुनं गॅस्केट, हातात घेऊन तो तिच्याकडे आला होता. "ताई, हे तर धड दिसतंय." ताई फोनवर होती. तिनं हातानंच 'टाक ते' अशी खूण केली. नवं बसलं, गाडी गेली. दीडेक महिन्यात तीच गाडी पुन्हा तापून दारात. पुन्हा दूध.

त्या शनिवारी ऑफिसात मास्तर होते, नर्सबाई चहा घेत होत्या, आणखी दोन गिऱ्हाइकं होती. ताईनं सगळ्यांदेखत विचारलं होतं, "गॅस्केट बसवताना हेड नीट पुसलं होतंस? बोल्ट क्रमानं आवळलेस?"

"हो, ताई."

"मग दूध कुठून आलं? आकाशातून पडलं?"

गुणगुण्या फडक्याला हात पुसत राहिला.

"वीस वर्षं झाली आणि अजून तुझ्या हाताचा भरवसा धरायचा नाही, असंच ना?"

"तुम्ही म्हणता तर तसंच असेल, ताई."

फडकं घडी करून त्यानं बाकावर ठेवलं आणि तो निघून गेला. ताईनं त्याच रागात त्याचा अवजारांचा फळा आवरला. अगदी वरच्या फळीवर, जुन्या पट्ट्यांच्या मागं, लेथच्या, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्राच्या, तेलाचा डबा सापडला. 'हा इथं कशाला नेऊन ठेवलाय यानं', असं पुटपुटत तिनं तो खाली, लेथच्या पायाशी नेऊन आपटला. खिळ्याला ते जुनं गॅस्केट टांगलेलं होतं. तेवढं मात्र काढायचं राहून गेलं.

आणि आता हे तिसरं दूध. ज्या गाडीला गुणगुण्यानं जन्मात हात लावला नव्हता, त्या गाडीत.

शिवाय कालच एका मोठ्या वर्कशॉपच्या मॅनेजरांचा फोन येऊन गेला होता. तुमच्याकडचा कारागीर आमच्याकडे काम मागतोय, तुमचं मत काय? ताई म्हणाली होती, उद्या संध्याकाळी सहापर्यंत सांगते. काय सांगायचं तेही ठरलं होतं: माणूस सरळ आहे, पण हात कच्चा आहे. हे एक वाक्य त्या माणसाला गावातल्या प्रत्येक वर्कशॉपच्या दारातून परत पाठवायला पुरेसं होतं.

सहाच्या आत खरं काय ते शोधायला हवं होतं.

तिनं पुलावरच सुरुवात केली.

"नर्सबाई, गेल्या महिन्यात बॉनेट कुणी उघडलं?"

"कुणीच नाही. तुम्हीच चार महिन्यांपूर्वी ब्रेक बघितलेत, तेवढंच."

"वाटेत कुठं पाणी भरलंत? दुसऱ्या कुठल्या गॅरेजात?"

"छे. मी तुमच्याकडेच येते, तेही गाडीसाठी नाही. मंगळवारी आणि शनिवारी, उस्तादांच्या पायाची पट्टी बदलायला."

उस्ताद म्हणजे ताईचे वडील. गॅरेज त्यांनीच उभं केलेलं. महिन्यापूर्वी पायाला जखम झाली होती, ती लवकर भरत नव्हती.

"तेव्हा गाडी कुठं असते?"

"शेडखाली, त्यांच्या बाकाजवळ. गाडीला ऊन लागू देऊ नका म्हणतात ते. किल्ली त्यांच्याकडेच देते, कुणाला गाडी सरकवायची असली तर. पट्टी झाली की मी तुमच्यासोबत आत चहाला येते, माहीतच आहे तुम्हाला."

"गाडीबद्दल काही म्हणाले का?"

नर्सबाई हसल्या. "म्हणाले, तुमच्या गाडीचा पंप कोरडा बोलतोय. मी म्हटलं, पंप बोलतो तरी. माझे निम्मे पेशंट विचारलं तरी तोंड उघडत नाहीत."

ताई हसली नाही. तिनं दोर बांधून गाडी ओढत गॅरेजवर आणली. नर्सबाई मागं चाक धरून आल्या आणि तिथून चालतच पुढच्या घरी गेल्या. तिथं इंजेक्शनची वेळ टळत होती.

ताईनं पहिला फोन गाड्यांचे सुटे भाग पुरवणाऱ्या पार्टवाल्याला लावला.

"तुझा कूलंट खोटा आहे का रे?"

"ताई, सकाळी सकाळी आशीर्वाद देताय का शिव्या?"

"नीट उत्तर दे. मास्तरांच्या गाडीत घातला त्या पेटीतला माल आणखी कुठं गेला?"

"तुमच्याकडेच चौदा गाड्यांत गेलाय. चौदाच्या चौदा तापल्या का?"

"नाही. एकच. आणि आज नर्सबाईंची."

"मग माझ्या मालावर राग का? नर्सबाईंच्या गाडीत तर माझा मालच नाही, त्यांच्यात कंपनीचाच होता. तुम्हीच सांगितलं होतंत, बदलायची गरज नाही म्हणून."

बरोबर होतं. ताईनं फोन ठेवला.

शेडखाली बाकावर बाबा बसले होते, पाय खोक्यावर ठेवून. एकेकाळी या माणसाच्या हातून निघालेलं इंजिन दहा वर्षं कुरकुरत नसे. आता हात थरथरायचा. वर्षभरापूर्वी एका गाडीचा बोल्ट त्यांनी तिरपा बसवला, आटे गेले. तेव्हा ताईनं गिऱ्हाइकांसमोर त्यांच्या हातातला पाना काढून घेतला होता. "बाबा, ठेवा ते. तुमच्यानं आता होत नाही." गुणगुण्या तेव्हा समोरच्या गाडीखाली होता. त्याचं गुणगुणणं एकदम थांबलं होतं, एवढं तिला आठवत होतं. त्या दिवसापासून बाबा बाकावर.

"बाबा, नर्सबाईंच्या गाडीजवळ कुणी परकं माणूस फिरकलं होतं?"

"इथं कोण येणार? मी असतोच की."

"दुपारी डोळा लागतो तुमचा."

"डोळा लागतो. कान जागे असतात." त्यांनी गाडीकडं पाहिलं. "काय झालंय तिला?"

"पाणी पांढरं झालंय."

"पाणी पांढरं झालं म्हणजे बिघडलंच असं थोडंच आहे?"

ताई कामात होती. तिनं 'बरं' म्हटलं आणि वळली.

आता तिनं ते केलं, जे मास्तरांच्या गाडीच्या वेळी करायला हवं होतं आणि केलं नव्हतं. एकेक गोष्ट तपासली.

आधी इंजिनाच्या तेलाची पट्टी ओढली. तेल स्वच्छ. पांढऱ्याचा ठिपका नाही. गॅस्केट फुटलं तर तेल पाण्यात जातं तसं पाणीही बहुधा तेलात येतं. इथं काही नाही.

मग गॅस तपासायची काचेची नळी काढली. तिच्यातलं निळं पाणी इंजिनाचा जळका वायू लागला की पिवळं होतं. नळी रेडिएटरच्या तोंडावर धरून, पाण्याची भर घालून इंजिन थोडं चालवलं. पाच मिनिटं झाली. पाणी निळं ते निळंच.

गॅस्केट धड होतं.

खालचा रबरी पाइप तिनं दाबून पाहिला. फुगून मऊ पडला होता. थर्मोस्टॅट काढला. पाणी गरम झालं की उघडणारी ती पितळी झडप चिकट दह्यानं बंद झाली होती. म्हणूनच गाडी तापली. पण दही लागलं कशानं?

तिनं ते पाणी काचेच्या पेल्यात घेऊन खिडकीत ठेवलं आणि हात धुवायला नळाखाली गेली. साबणाचा तुकडा कुणी तरी संपवला होता. तिनं नुसतेच हात चोळले.

हात स्वच्छ झाले.

ताई आपल्या तळव्यांकडं बघत राहिली. तीस वर्षं ती तेलात हात घालत होती. नुसत्या पाण्यानं निघणारं इंजिन ऑइल तिनं कधी पाहिलं नव्हतं.

तासाभरानं पेला पाहिला. वर तेलाचा तवंग नाही. जसं पांढरं होतं तसंच एकजीव पांढरं. म्हणजे हे तेल पाण्यावर तरंगणारं नव्हतं. पाण्यात विरघळणारं होतं.

तिची नजर आपोआप कोपऱ्यात गेली.

कोपऱ्यात बाबांचा जुना लेथ होता. चार महिन्यांपूर्वी त्याचा पट्टा तुटला, तेव्हापासून बंद. वर चादर, चादरीवर बोटभर धूळ. लोखंड कापताना ते गार राहावं म्हणून लेथवर पाण्यात मिसळून एक तेल सोडतात. डब्यात असताना ते मधासारखं तपकिरी दिसतं. पाण्याचा थेंब लागला की दूध.

डबा लेथच्या पायाशीच होता. तिनंच ठेवलेला. सगळ्यावर धूळ, पण डब्याचं झाकण लखलखीत. वाटीएवढं मोठं झाकण. ताईनं डबा उचलला. बंद लेथचा डबा अर्ध्याहून रिकामा होता.

मग ती गुणगुण्याच्या फळ्यापाशी गेली. खिळ्यावरचं गॅस्केट काढून उजेडात धरलं. कडेला कुठं जळल्याची रेघ नाही, चीर नाही. धडधाकट. तो दोन महिन्यांपूर्वी हेच सांगायला आला होता.

तिनं मास्तरांना फोन लावला.

"सर, एकच विचारते. तुम्ही गॅरेजवर गाडीच्या कामाव्यतिरिक्त येता?"

"येतो की. दर बुधवारी. तुझ्या वडिलांना पेपर वाचून दाखवतो. निम्मा वाचतो, निम्म्यावर आम्ही भांडतो."

"गाडी कुठं लावता?"

"शेडखाली. का गं, परीक्षा घेतेस का माझी?"

"नाही, सर. माझीच चाललीय. पाच वाजता येता का?"

फोन ठेवला आणि ती स्टुलावर बसली. दोन्ही गाड्यांत काय सारखं? काम वेगळं, कूलंट वेगळा, कारागीर वेगळा. सारखी होती ती एकच गोष्ट. आणि तिला लहानपणचं काहीतरी आठवलं, गॅरेजच्या दारातलं, बाबांच्या हातातलं. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

गुणगुण्याचं घर दोन गल्ल्या पलीकडे. ती चालत गेली. दार त्याच्या बायकोनं उघडलं.

"या ताई. बिघडलेलं काही आणलंत का? आणलं असेल तर द्या. बारा दिवस घर कसं मुकं झालंय. हातात काम असलं तर निदान गुणगुणतील तरी."

ताईला वर बघवेना. गुणगुण्या आतून आला आणि उभा राहिला. त्यानं 'बसा' म्हटलं, ती बसली नाही.

"तेलाचा डबा वरच्या फळीवर तू ठेवला होतास?"

"हो."

"कुणाच्या हाताला लागू नये म्हणून?"

त्यानं मान खाली घातली.

"तुला माहीत होतं. मग मी एवढं बोलले तेव्हा का सांगितलं नाहीस?"

त्यानं दाराची चौकट धरली. मग म्हणाला, "ताई, चारजण बसले होते."

एवढंच. पण ताईच्या काळजाला घरं पडली. चारजण बसले होते म्हणून तो बोलला नव्हता. चारजण बसले होते तरी ती बोलली होती.

"पाच वाजता ये," ती म्हणाली. "माझ्यासाठी नको. ज्यांच्यासाठी गप्प बसलास त्यांच्यासाठी ये."

पाच वाजता ऑफिसातली स्टुलं तिनं शेडखाली मांडली. मास्तर आले, नर्सबाई आल्या. पार्टवाला कुणी न बोलावता आला. म्हणाला, माझं नाव निघालंय तर निकाल ऐकून जातो. गुणगुण्या लांब, लोखंडी खांबाला टेकून उभा राहिला. बाबा आपल्या बाकावर.

ताई उभी होती. हातात ते गॅस्केट.

"बारा दिवसांपूर्वी तुमच्या सगळ्यांसमोर मी एका माणसाला दोष दिला. तो परत घ्यायचा तर तुमच्यासमोरच घ्यायला हवा. हे मास्तरांच्या गाडीचं जुनं गॅस्केट. बघा. धड आहे. दूध दिसलं की गॅस्केट गेलं, असं मी गृहीत धरलं. तेलाची पट्टी ओढली नाही, नळी लावली नाही. मला येतं या घमेंडीत मी पाहिलंच नाही. धड इंजिन उघडायला लावलं, आणि दूध परत आलं तेव्हा दोष उघडणाऱ्याला दिला."

"मग दूध कसलं?" मास्तरांनी विचारलं.

"लेथच्या तेलाचं. पाण्यात विरघळणारं. आज हात धुताना कळलं, साबणाशिवाय निघालं. हल्लीच्या कूलंटशी ते जमत नाही. त्याचं दही होतं, झडप चिकटते, रबर फुगतं, गाडी तापते."

"लेथचं तेल गाडीत गेलं कसं?" पार्टवाला पुढं सरकला.

"ओतलं. कुणीतरी झाकण उघडून, हातानं ओतलं."

मास्तर आणि नर्सबाईंनी एकमेकांकडं पाहिलं.

"मी दिवसभर विचार केला, दोन्ही गाड्यांत सारखं काय. दोन्ही शेडखाली उभ्या राहतात. एकीची किल्ली बाकावर असते. आणि दोघंही इथं माझ्याकडे येत नाहीत." ती बाकाकडं न बघता बोलत राहिली. "जुन्या काळी रेडिएटर तांब्या-पितळेचे होते. लोक आत साधं पाणी भरायचे, गंज चढायचा. तेव्हा चांगले कारागीर थोडं हे तेल पाण्यात सोडायचे. गंज धरत नसे, पंप ओला राहायचा. पाणी पांढरं व्हायचं, आणि पांढरं पाणी म्हणजे गाडी निरोगी. मी लहान होते तेव्हा या गॅरेजातून कुठलीही गाडी त्या टोपणाशिवाय बाहेर पडत नव्हती. निरोपाचं टोपण म्हणायचे त्याला. बाटलीचं चिमुकलं टोपण असायचं. आताच्या डब्याचं झाकण वाटीएवढं आहे, आणि..."

हात थरथरतो, हे तिला म्हणायचं होतं. तिनं म्हटलं नाही. ती थांबली. पुढचं नाव घ्यायचं म्हणजे वर्षभरापूर्वीचा पाना पुन्हा चारचौघांत हिसकावून घ्यायचा. न घ्यावं तर गुणगुण्याच्या अंगावरचा डाग अर्धाच पुसला जायचा. तिचा जीव कात्रीत सापडला.

"मी ओतलं," बाबा म्हणाले.

ते उठायला लागले. पाय साथ देईना. नर्सबाई पुढं झाल्या, तर त्यांनी हात केला. बाकाला धरून ते उभे राहिले.

"मास्तर माझ्यासाठी वाचतात. ही पोर माझी जखम धुते. मी त्यांना काय देणार? पंप कोरडा बोलत होता. म्हटलं, एक टोपण. मग पुढच्या वेळी आणखी एक." त्यांनी खांबाकडं पाहिलं. "मध्ये डबा दिसेना. मला वाटलं, संपला. तू लपवलास होय रे?"

गुणगुण्यानं मान डोलावली. "तुम्ही मास्तरांच्या गाडीत ओतताना मी पाहिलं, उस्ताद. तुम्हाला सांगायला तोंड उघडेना. म्हणून वर ठेवला. वाटलं, एवढ्यानं भागेल. पण मास्तरांच्या गाडीचं व्हायचं ते होऊन गेलं होतं."

"माझ्यामुळं तुझं काम गेलं, आणि मी इथं बसून तू दिसत का नाहीस म्हणून तुझ्यावरच रुसलो होतो." बाबा पुन्हा बाकावर टेकले. "अंगाला माती लागली रे माझ्या."

"ओतलं तुम्ही, बाबा," ताई म्हणाली. "गुन्हेगार मी आहे. तुम्हाला बाकावर मी बसवलं. तुम्ही उघडपणे टोपण मागितलं असतंत तर मी पुन्हा म्हटलं असतं, तुमच्यानं होत नाही. म्हणून तुम्हाला चोरून माया करावी लागली. यानं डबा वर लपवला, तो खाली आणून तुमच्या हाताशी कुणी ठेवला? मी. नर्सबाईंची गाडी पुलावर तापली ती त्याच्यानंतर. आज दिवसभर मी सगळ्यांना प्रश्न विचारले, तुमच्या शेजारी पाच मिनिटं बसले नाही."

तिनं सगळ्यांसमोर मॅनेजरांना फोन लावला, आवाज मोठा ठेवून.

"काल तुम्ही मत विचारलंत. त्याचा हात माझ्यापेक्षा पक्का आहे. मी त्याला काढलं ती चूक माझी होती, त्याची नव्हती. हवं तर लिहून देते."

पलीकडून मॅनेजर म्हणाले, "मग परत तुम्हीच ठेवून घ्या ना."

"मला तोंड नाही तसं म्हणायला. तो म्हणेल तसं."

गुणगुण्यानं जमिनीकडे पाहिलं. "सोमवारपासून तुमच्याकडे येतो, साहेब," तो फोनच्या दिशेनं म्हणाला. ताईनं डोळे मिटले आणि मान डोलावली. झालं ते न्यायानंच झालं.

"आता दोन्ही गाड्या धुऊन काढतो," तो बाह्या सारत म्हणाला. "जाण्याआधी तेवढं माझं काम."

"दोन नाही," बाबा हळूच म्हणाले. "तीन."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"सगळ्यात आधी तिच्या गाडीत टाकलं होतं. दोन टोपणं. ती लांब लांब जाते ना."

ताई आपल्या गाडीपाशी गेली. तीन आठवडे काटा चढत होता आणि तिनं बॉनेट उघडलं नव्हतं. झाकण फिरवलं. आत पांढरंशुभ्र दूध. ती तशीच वाकून उभी राहिली, बराच वेळ.

गुणगुण्यानं तिन्ही गाड्या तीन-तीनदा धुतल्या. पाणी नितळ झाल्यावर कूलंट भरला. शेवटी पार्टवाल्याच्या गुलाबी कूलंटची बाटली त्यानं उघडली आणि तिचं चिमुकलं टोपण भरून बाबांच्या हातात दिलं. "उस्ताद, निरोपाचं तेवढं तुम्ही घाला. हे आताच्या गाड्यांना सोसतं." बाबांचा हात थरथरला. थोडं बाहेर सांडलं. ताईनं फडक्यानं पुसलं आणि दुसरं टोपण त्यांच्यापुढं धरलं.

फाटकातून बाहेर पडताना गुणगुण्या गुणगुणत होता. ताईला ते पद ओळखीचं होतं, पण शब्द आठवेनात. तिनं आठवायचा प्रयत्न केला, तेव्हा तो कोपऱ्यावर वळला होता.

एवढीच गोष्ट. आता उठाल, घरी जाल, कामाला लागाल. एक मागणं आहे. कधी कुणाला चारचौघांत बोलायची वेळ आली, शब्द ओठांपर्यंत आला, तर क्षणभर थांबा आणि खांबाला टेकून उभ्या राहिलेल्या त्या माणसाची आठवण काढा. तो गप्प बसला होता. त्याच्या नावानं एक क्षण तुम्हीही बसा.